भरीस भर

२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे, घरच्या नाही. का ते तुला ठाऊक आहे. मला लिहायला लावू नकोस.

कामाचं बोलते. इथल्या जुन्या ट्रामच्या आगारात विज्ञान संग्रहालय आहे, तिथे आता हवामानाचं नवं दालन होतंय. भिंतीवरच्या फलकांचा मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. तिथले संचालक म्हणजे उंच, वाकलेले गृहस्थ. खिशात कायम खडू. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आयुष्यभर शब्दकोशांची प्रुफं तपासलीत, सूची केल्यात. सोप्या भाषेत लिहून द्या." म्हटलं, भाषा सोपी करीन, पण विषयाचं काय? त्यावर त्यांनी मला सात जाडजूड पुस्तकं दिली. मी वाचते आहे आणि दर पानाला मला तुझी आठवण येते आहे. घरात एक पोरगी बर्फातली जुनी हवा मोजते, आणि आत्याला साधं हिमयुग कळू नये, हे बरं दिसत नाही.

फलक क्रमांक चारचा मजकूर असा केला आहे:

"पृथ्वी कधी थंड झाली, कधी उबदार. हे तिचं तिनंच केलं. बर्फाच्या नोंदी सांगतात की आधी ऊब वाढली आणि कार्बन डायऑक्साइड काही शतकांनी मागून वाढला. म्हणजे त्यानं फक्त री ओढली."

वाचायला कसं वाटतं? मला तर झकास वाटतं. जो मागून येतो तो कारण कसा असेल, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी तू एकदा नजर घाल. फोन करू नकोस, फोनवर शास्त्र ऐकलं की माझ्या एका कानातून शिरतं आणि दुसऱ्यातून निघून जातं. लिही.

घरी सगळे बरे असतीलच.

तुझी आत्या

११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. आत्ताच शीतगृहातून बाहेर आले आहे, बोटांना मुंग्या आल्यात. आत शून्याखाली वीस असतं. तिथे पेन चालत नाही, शाई गोठते, म्हणून आम्ही सगळे पहिलीतल्या मुलांसारखे पेन्सिलीनं लिहितो. आज दिवसभर बर्फाची कांडी करवतीवर कापत होते. धरायला हाताएवढी जाड, पण तिच्या एका तुकड्यात कितीतरी जुने हिवाळे एकावर एक बसलेले असतात. त्यात बारीक बुडबुडे असतात आणि बुडबुड्यांत त्या काळची हवा. आम्ही ती बाहेर काढून मोजतो. एवढंच काम. लोकांना उगाच फार थोर वाटतं.

आता तुझा फलक. आत्या, भाषा झकासच आहे, पण शेवटचं वाक्य पार फसलं आहे.

तू मला लहानपणी भिंगरी म्हणायला लागलीस, म्हणून भिंगरीवरूनच सांगते. पृथ्वी फिरते ती भोवऱ्यासारखी, जराशी डोलत. तिचा कल थोडा कमीजास्त होतो, सूर्याभोवतीची वाटही थोडी लांबट होते, पुन्हा गोल होते. याला हजारो वर्षं लागतात. त्यामुळे उत्तरेकडच्या उन्हाळ्यात ऊन थोडं जास्त पडतं किंवा थोडं कमी. ही झाली नैसर्गिक सुरुवात, इथवर तुझं बरोबर. पण हा धक्का इतका हलका असतो की नुसत्या त्यानं हिमयुग संपणार नाही.

मग पुढचं असं. थोडं बर्फ वितळतं. पांढरं बर्फ ऊन परत फेकत होतं, ते गेलं की खालची काळी जमीन आणि समुद्र ऊन पिऊन घेतात. ऊब वाढते, आणखी बर्फ जातं. समुद्र तापला की त्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. तो हवेत आला की पृथ्वीची उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. ऊब आणखी वाढते, समुद्र आणखी तापतो. त्या सगळ्या उबेतला निदान तिसरा हिस्सा, कदाचित निम्मा, एकट्या त्याचा. मागून आला हे खरं. पण जो निम्मं घर बांधतो त्याला "री ओढली" म्हणायचं का?

घरी बरं आहे. आई बागेत असते. बाबांचा आवाज जरा बसलाय.

तुझी भिंगरी

१९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आवाज बसलाय तर त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांग. नको, काही सांगू नकोस. माझं नाव काढलंस तर तो पाण्याला हात लावायचा नाही. आयुष्यभर बसस्थानकाच्या भोंग्यातून ओरडलाय, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे", घसा बसेल नाही तर काय होईल.

तुझं "निम्मं घर" मला पटलं. माझं वाक्य मी खोडलं. खोडताना जिवावर आलं, कारण वाक्य चांगलं होतं. पण चांगलं आणि खरं यांत मला खरं निवडावं लागतं, चाळीस वर्षांची सवय.

आता अडचण दुसरी आहे. हे जे तू सांगितलंस, उबेनं ऊब वाढते, त्याला संचालकांच्या पुस्तकात "धन प्रतिभरण" म्हटलंय. वाचून मला वाटलं कुणाला तरी घबाड मिळालं. धन म्हटलं की शाळेतली मुलं समजणार काहीतरी चांगलं चाललंय, आणि इकडे तर गोष्ट हाताबाहेर चाललेली. दोन रात्री डोकं खाजवलं. मग काल भाजीवाल्याशी बोलताना सापडलं. तो म्हणाला, "आधीच माल कमी, त्यात भरीस भर म्हणून गाडी बंद पडली." मी तिथेच पिशवी खाली ठेवली. भिंगरी, "भरीस भर". हाच शब्द. आणि उलट दिशेचं जे असतं, वाढत्या गोष्टीला मागे ओढणारं, त्याला "आवर". कसं आहे?

आता एकदाच लिहिते आणि विषय संपवते, कारण तुझ्या पत्रात "मागून आला हे खरं, पण" वाचताना मला वाटलं तू मला काहीतरी टोमणा मारते आहेस. आई गेली तेव्हा पेपरातली बातमी मी लिहिली. शेवटी "शोकाकुल" म्हणून नावं होती. मी ती अकारविल्हे लावली. दुसरी कशी लावतात ते मला माहीतच नाही. माझं नाव 'अ'चं, म्हणून मी पहिली. मग डॉक्टर, मग तुझी आई, मग वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, आणि सगळ्यांत खाली दादा, कारण त्याचं नाव 'ह'वरून. यात मानापमान कुठे आला? त्याला लागलं असेल तर त्यानं फोन उचलून मला बोलायचं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून आणली असती. त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. सुरुवात त्यानं केली. बास.

तुझी आत्या

२ मार्च

प्रिय आत्या,

"भरीस भर" इतकं चपखल आहे की मी ते आमच्या फळ्यावर लिहून ठेवलं. आमचे साहेब रोज त्याच्याकडे बघतात आणि हसतात. "आवर"ही छान. आवर आहे म्हणूनच पृथ्वी आजवर टिकली. तापलेली वस्तू जास्त उष्णता बाहेर टाकते, हा एक आवर. पावसाचं पाणी खडकांवर झिरपून कार्बन डायऑक्साइड हळूहळू हवेतून काढून घेतं, हा दुसरा. पण दुसरा फार संथ आहे, लाखो वर्षांचा. आपल्याला त्याची वाट बघत बसता येणार नाही.

आता "सुरुवात कुणी केली" याबद्दल एक गंमत सांगते. बर्फ पडतं ते भुसभुशीत असतं. त्यातून वरची हवा आत-बाहेर खेळत राहते. शेकडो, कुठे कुठे हजारो वर्षं. वरून ओझं वाढून ते घट्ट झालं की मगच बुडबुडे बंद होतात. म्हणजे एकाच तुकड्यात बर्फ म्हातारं आणि त्यातली हवा तरुण. ऊब आम्ही बर्फावरून वाचतो आणि कार्बन डायऑक्साइड हवेवरून. दोघांची वयं जुळवताना जरा चुकलं की आधी कोण आणि नंतर कोण हे शतकांनी सरकतं. पूर्वी वाटायचं तो बराच मागे होता. नंतर मोजमाप सुधारलं तसं अंतर कमी कमी होत गेलं. काही जण म्हणतात, जवळजवळ बरोबरच निघाले दोघे.

आणि आज तर सगळं उलटं आहे, हे फलकावर नक्की घे. आज पृथ्वीच्या डोलण्यानं सुरुवात केलेली नाही. कोळसा आणि तेल जाळून आपण कार्बन डायऑक्साइडलाच पहिल्यांदा पुढे काढलं आहे. गेल्या आठ लाख वर्षांत, दहा लाख भाग हवेत तो तीनशेच्या वर गेल्याचं बर्फात दिसत नाही. आता चारशेवीसच्याही वर आहे.

टोमणा मी मारला नव्हता, पण आता मारते. आत्या, बाबांच्या बाजूनं हिशेब असा आहे. बातमी आली, ते गप्प राहिले. ते गप्प म्हणून तू आजीचं घर आवरायला आली नाहीस. तू आली नाहीस म्हणून त्यांनी एकट्यानं घर रिकामं केलं आणि तुला विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून तू माझ्या पदवीच्या वेळी आली नाहीस. आली नाहीस म्हणून त्यांनी तुझं नाव घेणं सोडलं. ह्या सगळ्यात एक छापलेला कागद केवढासा?

परवा कापताना उरलेला एक तुकडा साहेबांनी मला घरी न्यायला दिला. बाबांसाठी पाण्याच्या ग्लासात टाकला. जुने बुडबुडे फुटतात आणि तडतड आवाज येतो. बाबांनी ग्लास कानाशी धरला आणि बराच वेळ तसेच बसले. त्यांची एक तपासणी झाली आहे. पुढच्या पत्रात लिहीन.

तुझी भिंगरी

९ मार्च

भिंगरी,

पुढच्या पत्रात म्हणजे काय? तपासणी डोळ्यांचीच असणार, आमच्या घराण्यात सगळ्यांचे डोळे साठीनंतर असेच. त्यासाठी एवढी सस्पेन्स कथा कशाला?

मला तुझा डाव कळतो. आधी मऊ मऊ बर्फ, मग ग्लास, मग बाबा कानाशी धरून बसले. तू मला विरघळवायला बघते आहेस. मी तुझ्या आजीची मुलगी आहे, इतक्या सहज पाझर फुटत नाही. दादाला काही म्हणायचं असेल तर त्याला तोंड आहे.

फलक चार नवा केला आहे:

"सुरुवात पृथ्वीच्या डोलण्यानं झाली आणि ती लहान होती. कार्बन डायऑक्साइड मागून आला, पण गोष्ट वाढवली ती त्यानं. ऊब वाढली म्हणून तो वाढला, आणि तो वाढला म्हणून ऊब आणखी वाढली. भरीस भर. आज मात्र सुरुवातही त्याचीच आहे, कारण जमिनीतला कोळसा आणि तेल जाळून आपणच तो हवेत सोडतो आहोत."

संचालकांना आवडलं. ते म्हणतात, प्रत्येक फलकाखाली एक बटण हवं, दाबलं की मजकूर ऐकू येईल, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांचीही सोय होईल. आवाज कुणाचा घ्यायचा ते ठरत नाही. एक तरुण मुलगा आणला होता, तो "ऊब" असं म्हणतो की खोली गार पडते.

आत्या

१५ मार्च

प्रिय आत्या,

मी आता शब्द मोडते आहे. बाबांनी मला शपथ घातली होती.

डोळ्यांची तपासणी नव्हती. घशाची होती. बाबांच्या स्वरयंत्रावर गाठ आहे. ती काढायची तर स्वरयंत्रच काढावं लागेल. डॉक्टर म्हणतात, वेळेत लक्षात आलंय, माणूस वाचेल. बाबा जेवतील, चालतील, बागेत आईशी कुरबुर करतील, फक्त ती बोलून करता येणार नाही. शस्त्रक्रिया एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्यानंतर त्यांचा आवाज नसेल.

ऐकल्यावर बाबा मला इतकंच म्हणाले, "हिला कळवू नकोस. दयेपोटी आलेलं मला चालणार नाही." हिला म्हणजे तुला. त्यांनी इतक्या वर्षांनी तुझा उल्लेख केला तो असा.

तू लिहिलंस, दादाला तोंड आहे. तेवढंच वाचून मी दोन दिवस पत्र बाजूला ठेवलं होतं. तुला काय माहीत होतं, तुझी चूक नाही. पण आता माहीत आहे.

तुझी भिंगरी

१८ मार्च

प्रिय दादा,

तुझ्या मुलीनं तुझी शपथ मोडली आहे. तिला रागावू नकोस, ती आपल्या दोघांपेक्षा शहाणी आहे.

दया करायला मी येत नाही. मला तुझ्याकडे काम आहे. संग्रहालयात नऊ फलक आहेत आणि त्यांना आवाज हवा आहे. मी तीन जणांना ऐकलं, तिघांनाही श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही. बसस्थानकावर तू बोलायला लागलास की झोपलेली माणसंही पिशव्या सावरून उभी राहायची. मला तो आवाज पाहिजे. बसलेला असला तरी चालेल.

शनिवारी सकाळी येते. संचालकांकडून रेकॉर्ड करायचं यंत्र घेऊन येते. नको असेल तर दार उघडू नकोस, मी पायरीवर बसून संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. तसं झालं तर मला फार वाईट वाटेल, हे आताच लिहून ठेवते.

फलकांचा मजकूर सोबत आहे. वाचून ठेव.

तुझी धाकटी

१० एप्रिल

प्रिय आत्या,

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टर खूश आहेत. बाबा अजून दवाखान्यात आहेत, मानेला पट्टी आहे, श्वास आता तिथूनच घेतात. आईनं त्यांना पाटी आणि खडू दिला आहे. पहिल्या दिवशी त्यांनी त्यावर लिहिलं, "चहा कधी?" आई रडली, मग हसली, मग नर्सनं चहा अजून द्यायचा नाही म्हटल्यावर तिच्याशी भांडली.

तुम्ही दोघं त्या शनिवारी आणि रविवारी आतल्या खोलीत काय करत होतात ते आम्ही दाराबाहेरून ऐकलं, हे आता सांगून टाकते. आम्हाला वाटलं होतं रडारड होईल, मिठ्या मारल्या जातील. तुम्ही तर दोन दिवस नुसते भांडत होतात. "हे वाक्य एका श्वासात निघत नाही, तोड." "तोडणार नाही, अर्थ तुटतो." "मग तूच म्हण." आणि मग तुझा आवाज, "बरं, तोड." माझी आई म्हणाली, "हिला कुणाचं ऐकताना मी पहिल्यांदा ऐकलं."

एकच विचारायचं आहे. बाबांनी शेवटचा फलक म्हटल्यावर यंत्र बंद झालं आणि मग दाराबाहेर आम्हाला काही ऐकूच येईना. मी कान लावून होते. त्या वेळात काय झालं?

तुझी भिंगरी

१९ एप्रिल

प्रिय भिंगरी,

दाराला कान लावणं वाईट आहे, आणि तुझी आई तुझ्याइतकीच दोषी आहे.

त्या वेळात काही झालं नाही. दादा पाणी प्यायला. मी त्याचा ग्लास धरला. त्यानं विचारलं, "तडतड करणारं बर्फ तुझ्याकडे असतं का?" म्हटलं, नाही. म्हणाला, "पोरीला सांग, तुलाही एक तुकडा द्यायला." एवढंच.

बातमीचा विषय निघाला नाही. काढला असता तर वेळ कमी पडला असता, आणि दोघांनाही आपापलंच खरं वाटलं असतं. मला अजूनही वाटतं. पण परतीच्या गाडीत मी हिशेब केला. त्यानं केलं ते एकदाच, गप्प राहिला. पुढे दर वर्षी दर वेळी मी गप्प राहिले. सुरुवात त्याची धर, निम्म्याहून जास्त ऊब माझीच होती. किंवा थंडी म्हण. तुझ्या शास्त्रात बसेल ते म्हण.

तुझी आत्या

४ मे

प्रिय कानामात्रा,

मी कालच घरी आलो. आता तूला माझं ऐकावं लागणार नाही, वाचावं लागेल. तूला ह्यात जास्त आनंद होइल, कारण बोलण्यात ऱ्हस्व दिर्घ ऐकू येत नाहीत आणि लिहिण्यात तू प्रत्येक चूक मोजत बसशील. मोज. मी मुद्दाम काही दूरूस्त करणार नाही.

आता काही गोष्टी, क्रमाने, स्थानकावर सांगायचो तशा.

पहिली. तू आलीस ते बरं केलंस. तुझं पत्र आलं त्या रात्री मी तुझ्या वहीनीला म्हणालो, बघ, हिला दया आलीय आणि कामाचं सोंग घेतलंय. वहीनी म्हणाली, मग तुम्ही पण आवाज देण्याचं सोंग घ्या. शहाणी बाई आहे.

दूसरी. सातव्या फलकात मधे मला खोकला आला होता. "समुद्र" आणि "तापला" ह्यांच्या मधे. तो काढून टाक. मी स्थानकावर कधी खोकलो नाही. इतकी वर्षं नाही.

तीसरी. सुरवात तूच केलीस. माझ्या आईच्या बातमीत मी भाडेकरूच्या खाली. हे मी पुढच्या जन्मी पण म्हणणार. पण ते तूला फोन करून त्याच दिवशी म्हणायला पाहिजे होतं, तेव्हा आवाज होता. हे ही तेवढंच खरं.

पोर म्हणते, दालन विस तारखेला ऊघडतं. मला डॉक्टर प्रवास करू देत नाहीत. तू सगळं बघून लिही.

दादा

२१ मे

प्रिय दादा,

अठरा चुका. "वहिनी" तर दोनदा. काल मी मोजल्या आणि मग पत्र तसंच कपाटात ठेवलं, लाल पेन न लावता. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं आहे.

दालन उघडलं. आगाराच्या लांब भिंती पांढऱ्या केल्या आहेत, रूळ जमिनीत तसेच ठेवले आहेत, त्यांच्यावरून शाळेची मुलं तोल सावरत चालतात. मधोमध काचेच्या पेटीत भिंगरीनं पाठवलेली बर्फाची कांडी आहे. आतलं थंडी करणारं यंत्र घरघर करतं. फलक चारपाशी गर्दी होती. एका मुलीनं बटण दाबलं आणि तू बोलायला लागलास. तुझं ते "भरीस भर", तसं थांबून म्हटलेलं, ऐकून ती आईकडे वळली आणि म्हणाली, "असं आपल्या घरी पण होतं." तिच्या आईनं तिला गप्प केलं.

मी फलक सातपाशी गेले. माणसं पांगल्यावर बटण दाबलं. "समुद्र", मग खोकला, मग "तापला". काढला नाही. संचालक काढायला निघाले होते, त्यांना म्हटलं, हात लावायचा नाही. मला तुझा खोकला पाहिजे, दादा. स्थानकावर तू कधी खोकला नाहीस म्हणूनच पाहिजे. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला आणि तिथे, भर दालनात, रडले. तिथल्या पहारेकऱ्यानं खुर्ची आणून दिली.

आता शेवटचं. दाराशी एक पितळी पाटी आहे, ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांची नावं. मी, संचालक, सुतार, चित्रकार, यंत्रवाला, भिंगरी, तू. पाटीचा मजकूर मीच दिला. ठोकायच्या आधी संचालक पाटी हातात घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, तुमच्याकडून अशी चूक? बाकी नावं अकारविल्हे आहेत, पण 'ह' सगळ्यांत वर गेला आहे."

मी म्हटलं, माहीत आहे. ठोका.

तुझी कानामात्रा